मरायला वेळ लावणारा स्वार

वैनीनं माझ्या दंडाला चिमटा काढून मला आपल्याकडे वळवलं आणि पडद्याकडे बोट केलं. “त्यो बघ! टोपीवाला!”

पडद्यावर दहाबारा जण घोडे फेकत चालले होते आणि झाडून सगळ्यांच्या डोक्यावर टोप्या होत्या.

“कुठला?” मी विचारलं.

जरा मोठ्यानंच विचारलं असणार, कारण पुढच्या बायका वळून बघायला लागल्या. लहानपणी मला विषमज्वर झाला. तो उतरला, पण जाताना माझे दोन्ही कान घेऊन गेला. तेव्हापासून आपला आवाज केवढा निघतो ते मला कळत नाही. लोकांच्या माना वळल्या की समजायचं, जास्त झाला.

“काळ्या घोड्यावरचा,” वैनीचे ओठ म्हणाले. “तुजा न्हवरा!”

नवरा अजून व्हायचा होता. सुपारी दुसऱ्या दिवशी सकाळी फुटायची होती. पण आमच्या घरात तो केव्हाच जावई झाला होता, आणि निपाणीतल्या निम्म्या बायकांनी तंबूत शिरताना माझ्याकडे बघून एकमेकींना कोपरं मारली होती. बहिऱ्या अंबूला सिनेमातला नवरा मिळतोय, ही त्या वर्षीची गावातली सगळ्यात मोठी बातमी होती. तंबाखूचा भाव उतरला त्याचीही एवढी चर्चा झाली नसेल.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हा सिनेमे मुके होते. तुळशीची लग्नं आटोपली की आमच्या गावात वखारींच्या मागच्या माळावर तंबू पडायचा. मधे कनात असायची, एकीकडे पुरुष, एकीकडे आम्ही. माझ्या धाकट्या मामानं मला पहिल्यांदा तिथं नेलं तेव्हा अमेरिकेतला खेळ लागला होता. मोठ्या काठाच्या टोप्या, चामडी विजारी, कमरेला पिस्तुलं आणि नजर पोचेल तिथवर उजाड माळ. त्यातला एक स्वार गालात तंबाखू धरून पचकन थुंकला, तेव्हा पुरुषांची बाजू उठून नाचायला लागली. मामा मला म्हणाला, “आपल्याच वखारीतला माल दिसतुया!”

मला मात्र वेगळाच आनंद झाला होता. तंबूतली सगळी माणसं माझ्यासारखी झाली होती. पडद्यावरचे लोक बोलत होते आणि कुणालाच ऐकू येत नव्हतं. मधे मधे पाट्या यायच्या, आमच्याकडच्या खेळांत मराठीत. मी तापाआधी तिसरीपर्यंत शिकलेली, त्यामुळे त्या मला वाचता यायच्या. बाकीच्या बायकांना पडद्याजवळ उभा राहून एक माणूस त्या ओरडून सांगायचा. म्हणजे त्यांना कुणीतरी लागत होतं आणि मला नाही. उभ्या गावात ही एकच जागा होती जिथं मी कुणापेक्षा कमी नव्हते. पुढं बोलपट आले आणि पडद्यावरची माणसंसुद्धा इतरांसारखी झाली. मग मी जायचं सोडलं.

आणि आणखी एक गंमत होती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. आपल्याकडच्या खेळांतले नट पाटीवर लिहिलेलं बोलतच नसत. ऐकणार कोण? पाटीवर ऋषी शाप द्यायचा आणि तोंडानं म्हणत असायचा, “ह्या दाढीनं जीव खाल्ला.” एक राणी पतीच्या विरहानं व्याकूळ होऊन आकाशाकडे बघत होती. तिचे ओठ विचारत होते, “च्या कवा येनार?” बायका पदर डोळ्याला लावायच्या आणि मी हसायची. लोक म्हणायचे, बिचारीच्या डोक्यावरही परिणाम झालाय.

त्या दिवशीचा खेळ होता ‘वाघदऱ्याचा स्वार’. कोल्हापुरातल्या एका कंपनीच्या मालकानं ते अमेरिकेतले खेळ बघितले आणि त्याला वाटलं, घोडे आपल्याकडे आहेत, माळ आपल्याकडे आहे, टोप्या तेवढ्या शिवून घेतल्या की झालं. टोप्या कुणा शिंप्याकडूनच शिवून घेतल्या असाव्यात, कारण वारा लागला की काठ डोळ्यांवर पडायचे. नायकाची बहीण नऊवारीत होती. बाभळींतून बंदुका उडत होत्या. आणि खलनायकाचा उजवा हात म्हणून काळ्या घोड्यावर बसला होता दौलत इंगवले, कागलकडचा, आधी संस्थानच्या पागेत असलेला. उद्या आमच्या घरी येणार होता तो.

ही सोयरीक तातोबानं आणलेली. तातोबा म्हणजे आण्णांचा, माझ्या वडिलांचा, चुलतभाऊ. तो तंबाखूची दलाली करायचा आणि अधूनमधून लग्नांची. माल नीट बघू न देता खपवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. इंगवल्यांना त्यानं सांगितलं होतं, “पोरीला जरा कमी ऐकू येतं.” जरा!

आषाढ लागायच्या आधी ते मला बघायला आले होते. आईनं आदल्या दिवशी बजावलं, “मान वर करायची न्हाई. करशील तर बग.” सगळ्याच मुलींना असं सांगतात. पण बाकीच्या मुली मान खाली घालून सगळं ऐकतात. मी मान खाली घातली की दार बंद. आईनं युक्ती काढली होती. ती माझ्या मागं बसणार. पाठीत एक बोट टोचलं की नाव सांगायचं, दोन बोटं टोचली की म्हणायचं, स्वयंपाक येतो. मधे तिचा हात थरथरला की काय कोण जाणे, नवऱ्या मुलाच्या वडिलांनी नाव विचारलं आणि मी म्हटलं, “भाकरी, कोरड्यास, समदं येतं.” तातोबा म्हणाला म्हणे, “लाजती!”

मला फक्त जाजम दिसलं आणि पाय दिसले. त्यात एका पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं, घोड्यानं पाय दिल्यासारखं. तो नवरा मुलगा, हे मी मनाशी ठरवलं. उठून जाताना ते पाय माझ्यासमोर थांबले. बराच वेळ थांबले. तो काहीतरी बोलत असणार, हे मला समजत होतं. मी मान उचलणार तोच आईनं पाठीत असं बोट खुपसलं की डोळ्यांत पाणी आलं. पाय निघून गेले.

पुढं चातुर्मास लागला, लग्नाची बोलणी थांबली. तातोबा मधे येऊन सांगून गेला की पावण्यांना पोरगी पसंत आहे आणि नवरा मुलगा नव्या खेळात काम करतोय. “निपाणीत तंबू पडला की समद्यांनी बगायचा. मी त्याला सांगितलंय, आमची अंबू सिनेमाची लई शौकीन. वठ बगून समदं वळखती!” पहिल्यांदाच तातोबानं माझ्याबद्दल खरं सांगितलं होतं.

मला हे लग्न हवं होतं. खोटं कशाला बोलू? माझ्या बरोबरीच्या पोरींची पोरं अंगणात खेळत होती. घरात मला कुणी छळत नव्हतं, पण माझ्याशी कुणी बोलतही नव्हतं. जेव. ऊठ. पाणी आण. एकेक शब्द, तोही हातवारे करून. अख्खं वाक्य माझ्या वाट्याला येतच नव्हतं. सगळे जेवायला बसले की एकाचे ओठ बघेपर्यंत दुसरा बोलायचा, आणि कुणी हसलं की मी विचारायची, “काय झालं?” आई म्हणायची, “काय न्हाई.” चार महिने मी एकच विचार करत होते. नवरा आला की रात्री दिवा मोठा ठेवील, माझ्याकडे तोंड करून बसेल आणि दिवसभर काय काय झालं ते सांगेल.

तर पडद्यावर खलनायकाच्या माणसांनी नायकाला पकडला आणि बाभळीला बांधला. दौलत घोड्यावरून उतरला. पाटी आली: ‘बच्चा, तुझी शंभर वर्षे भरली!’ पाटी गेली आणि त्याचा चेहरा आला, पडदाभर. मी त्याला पहिल्यांदा बघत होते. रुंद कपाळ, एका भुवईत चीर, दाढीचे खुंट. तो सरळ समोर बघत होता.

त्याचं तोंड उघडलं, ओठ मिटले, मग गोल झाले. पुन्हा तसंच.

अंबू. अंबू.

मला वाटलं, माझ्या मनाचे खेळ. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात तसं. पण तो सावकाश बोलत होता, एकेक शब्द सुटा करून. असं सावकाश माझ्याशी तापानंतर कुणी बोललं नव्हतं.

“निपाणीच्या अंबू. वर बघ. त्या दिशी मी बोलाया थांबलो हुतो. तू मान खाली घातलीस. आता बगतीयास न्हवं?”

मी मान हलवली. त्या कापडाला मी मान हलवून हो म्हटलं.

वैनीनं मला हलवलं. “किती रागावलाय बग!”

“कुणावर?”

“नायकावर की! दुसऱ्या कुणावर?”

पुरुषांच्या बाजूला पटके उडत होते. सगळा गाव त्याला शिव्या घालत असणार. मला हसू फुटलं, ते मी पदरात दाबलं. एवढा मोठा तंबू, एवढी माणसं, आणि त्यातला प्रत्येक शब्द माझ्या एकटीचा! चिठ्ठी पाठवली असती तर आण्णांच्या हातात पडली असती. निरोप धाडला असता तर तातोबानं वाटेत त्याचं लोणचं घातलं असतं. आणि ह्या शहाण्यानं कंपनीच्या मालकाच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच यंत्रापुढं उभं राहून मला हाक मारली होती. कुठल्या नवरीला असा नवरा मिळाला असेल?

मग नायक सुटला. घोडे धावले, दगड गडगडले, नायकाची बहीण उगाच एकदा विहिरीत पडली. मी काही बघितलं नाही. तो पुन्हा केव्हा येतोय तेवढंच बघत होते. पुढं काय बोलेल त्याचा अंदाज बांधत होते. ते इथं लिहायची मला या वयातही लाज वाटते.

शेवटी वाघदऱ्याच्या तोंडाशी नायकानं त्याला गोळी घातली. दौलत घोड्यावरून कोसळला, एका खडकाला पाठ लावून बसला, छातीवर हात ठेवला आणि मरायला लागला. आणि मरता मरेना. पुरुषांच्या बाजूला पोटं धरून हसत होते.

“काय म्हणत्यात?” मी वैनीला विचारलं.

“मर की एकदाचा, म्हणत्यात!”

मला मात्र तो मरायला नको होता, कारण तो बोलत होता.

“अंबू, माजं ऐक. मी दुसरीला शब्द दिलाय. बा ऐकना. तितं लगीन केलंस तर हिरीत उडी टाकतो म्हणतुया. मला न्हाई म्हणता येईना. तू म्हण. नवरीकडनं मोडलं तर कुणाला बोल लागत न्हाई, बा गप बसंल.”

तो थांबला, धाप लागल्यासारखं केलं, पुन्हा समोर बघितलं.

“लगीन झालं तर मी तुला घरात नेऊन सोडीन आन् कोल्हापुरातच ऱ्हाईन. तू तितं एकटी पडशील. एकटं पडणं काय आस्तं ते मी तुला काय सांगू...”

आणि पाटी आली. ‘पापाचा घडा भरला!’ तीन शब्द. मी ते एका नजरेत वाचले, पण पाटी जाईना. पडद्याजवळचा माणूस हात पसरून ते तीन शब्द ओरडत होता. पाटीमागं दौलत काय बोलला ते पाटीमागंच राहिलं.

ती गेली तेव्हा त्यानं दोन्ही हात जोडले होते. “हात जोडतो, अंबू. तू न्हाई म्हण.” मग त्यानं मान टाकली.

वैनी पदरानं डोळे पुसत होती. “दुष्ट खरा,” ती माझ्याकडे वळून म्हणाली, “पर मरताना देवाचं नाव घेतलं बग. हात जोडलं.”

घरी आलो तेव्हा आई चुलीपुढं उद्याच्या पुरणाची डाळ निवडत होती. तिनं दिवा उचलून माझं तोंड बघितलं. “आवडला?”

“आई, मला न्हाई म्हणता येतं का?”

तिला पहिल्यांदा समजलंच नाही. मग समजलं. “बहिऱ्या पोरीला सोन्यासारखा न्हवरा मिळतुया आन् न्हाई म्हणतीया! का? काय खोट दिसली?”

काय सांगणार होते? तो पडद्यावरून माझ्याशी बोलला? आधीच लोक म्हणत होते की डोक्यावर परिणाम झालाय. आणि समजा आईला पटलं असतं, तर आण्णा काठी घेऊन कागलला गेले असते, आणि मग तो म्हातारा खरोखरच विहीर बघायला निघाला असता.

“खोट न्हाई,” मी म्हटलं.

“मंग?”

ती पुढं बरंच बोलली, पण तोंड फिरवून, डाळीकडे बघत. ते तिचं तिलाच.

त्या रात्री मी त्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की पुरुषांच्या बाजूनंही दिल्या नसतील. मेल्या, तुझ्यात बापाला सांगायची हिंमत नाही आणि ते काम माझ्यावर ढकलतोस? तुझी सोयरीक मोडली तर तुला दुसरी तयार आहे. माझी मोडली तर मला कोण? मी हो म्हणेन, काय करशील? तुझ्या नावाचं कुंकू लावीन, तुझ्या घरात तुझ्या आईच्या हाताखाली राबेन, तू कोल्हापुरात बस. इथं एकटी आहे, तिथं एकटी राहीन. निदान लग्न झालेली एकटी.

असं मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण डोळे मिटले की ते हात दिसायचे, जोडलेले. लोक मला सांगत आले होते. हे कर, ते करू नको, मान खाली घाल. माझ्याकडे कुणी कधी काही मागितलं नव्हतं. देण्यासारखं माझ्याजवळ काही असेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. त्याला वाटलं.

सकाळी पाहुणे आले. जाजम तेच, पाय तेच. मधे ताम्हणात नारळ आणि सुपारी. आई माझ्या मागं बसली. तिचं एक बोट माझ्या पाठीत लागलं आणि मी मान वर केली.

दौलत समोर बसला होता. पडद्यावर होता त्यापेक्षा बराच लहान वाटला, साधा कोट, साधा पटका. तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. त्याच्या शेजारी त्याचे वडील, पिळदार मिशांचे, फौजेतून आलेले. तातोबानं सुपारी फोडायला अडकित्ता उचलला होता.

“मला ही सोयरीक नगं,” मी म्हटलं.

केवढ्यानं म्हटलं ते मला माहीत नाही. वैनी नंतर सांगायची की दारातला टांग्याचा घोडा बिचकला.

आण्णा अर्धे उठले. “काय म्हणालीस?”

“नगं म्हणाले. मला हे लगीन करायचं न्हाई.”

आईचा हात माझ्या पाठीवरून गळून पडला. तातोबा हसायला लागला, सगळ्यांकडे बघून हात हलवायला लागला, पोर थट्टा करतेय असं काहीतरी. पण दौलतच्या वडिलांनी त्याला थांबवलं. ते माझ्याकडे वळले, आणि ते भले होते म्हणून सांगते, तोंड माझ्यासमोर आणून सावकाश विचारलं, “का गं पोरी? कुणी काय सांगितलं का माज्या लेकाबद्दल?”

इथं मी नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी त्याचं सगळं उघडं पडलं असतं. दौलतचे हात गुडघ्यावर घट्ट आवळलेले मला दिसत होते.

“कुणी न्हाई,” मी म्हटलं. “काल पडद्यावर बगितला. तोंड आवडलं न्हाई.”

म्हाताऱ्याच्या मिशा थरथरल्या. त्यांच्या घोड्यासारख्या उमद्या पोराला एका बहिऱ्या मुलीनं तोंड आवडलं नाही म्हणून परत पाठवलं होतं. ते उठले, पटका नीट केला. “चल रं,” ते म्हणाले. “आपल्याला कुणाच्या दारात उभं ऱ्हायाची हौस न्हाई.”

तेव्हा दौलतनं तोंड वर केलं. आमची नजरानजर झाली. त्याचे डोळे भरले होते. ओठ हलायला लागले, आणि मी मान खाली घातली.

त्याचे आभार मला नको होते. ‘तुझे उपकार झाले’ एवढं वाक्य जरी मी बघितलं असतं, तरी तेच मला जन्मभर चघळावं लागलं असतं. ते काळं नख माझ्यासमोर थांबलं. कितीतरी वेळ थांबलं. मग पाय वळले आणि गेले.

आण्णा माझ्याशी पुढचं वर्षभर बोलले नाहीत, म्हणजे आधी बोलत होते तेवढंच. गावाला वर्षभर पुरेल एवढा विनोद मिळाला: बहिरीला नट पसंत नाही! तातोबानं आमच्या घरी येणं सोडलं आणि दुसरं स्थळ काही आलं नाही. मी वखारीत तंबाखू निवडायला जायला लागले, आत्ता आत्तापर्यंत जात होते. दौलतनं त्या दुसरीशी लग्न केलं असं ऐकलं, म्हणजे कुणाच्या तरी ओठांवर वाचलं. पुढं ती कंपनी बुडाली. त्याचं काय झालं मला माहीत नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी दिवेलागणीला मी एकटीच घरातून निघाले. मला अडवायला कुणी नव्हतं, कारण अडवायचं तर बोलावं लागलं असतं. तंबूच्या दारावरच्या माणसानं मला ओळखलं.

“आज पुन्ना?” तो दात काढून म्हणाला. “सोयरीक मोडलीस न्हवं? मंग कशाला बगाया येतीस?”

“घोडी बगाया,” मी म्हटलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी गेले. बायका माझ्याजवळ बसायच्या नाहीत, त्यामुळे पडदा छान दिसायचा. बाभळीजवळ तो यायचा, पडदाभर व्हायचा आणि मला हाक मारायचा. वर बघ म्हणायचा. मी वर बघायची. खडकाजवळ तो मरायला लागायचा, लोक हसायचे, आणि तो मला अख्खी, सावकाश, न संपणारी वाक्यं सांगायचा. पाटीच्या वेळी मी डोळे मिटून घ्यायची आणि मागं तो काय बोलत असेल ते मनानं भरायची. रोज वेगळं. मला माहीत होतं तो काय मागतोय. नकार मागत होता. पण माझ्याकडे तोंड करून मागत होता, माझं नाव घेऊन. एवढं तरी माझं होतंच ना? त्याच्या तोंडचं सगळं ती दुसरी घेऊन गेली असेल, हे वीतभर मात्र माझ्यासाठी बोललेलं होतं.

मग एके दिवशी दारावरच्या माणसानं सांगितलं, उद्या तंबू उठणार, संकेश्वरला जाणार. आज शेवटचा खेळ.

तंबू निम्मा रिकामा होता. तो बाभळीजवळ आला, गेला. घोडे धावले. बहीण विहिरीत पडली, निघाली. गोळी लागली, आणि तो खडकाला टेकून बसला. अंबू, माजं ऐक. मी दुसरीला शब्द दिलाय.

मी उभी राहिले.

“दौलत,” मी म्हटलं, “मी न्हाई म्हटलं. समद्यांच्या म्होरं म्हटलं. झालं तुजं काम.”

पुढच्या बायका वळल्या. कनातीवरून दोन डोकी वर आली. पडद्याजवळचा माणूस तोंड उघडं टाकून माझ्याकडे बघत राहिला, त्या दिवशी पाटी वाचायचीही त्याला शुद्ध राहिली नाही.

“आता दुसरं कायतरी बोल की,” मी म्हटलं. “काय बी बोल. आज काय काय झालं ते सांग.”

पाटी आली आणि गेली. कुणीतरी माझा हात धरून मला खाली ओढत होतं. मी हात सोडवून घेतला.

पडद्यावर त्यानं दोन्ही हात जोडले. हात जोडतो, अंबू. तू न्हाई म्हण.

“म्हटलं की रं,” मी म्हणाले.

त्यानं मान टाकली.